राणीचा अंबाडा

पुन्या झोपायचा तो बापाचे केस मुठीत धरून. माझे नाही. माझेही केस काही कमी नव्हते, पण माझ्या वेणीला तो हात लावून बघायचा आणि सोडून द्यायचा, बाजारात बाईनं भोपळा दाबून परत ठेवावा तसा. त्याला बापाचेच लागायचे. कमरेपर्यंत आलेले, खोबरेल आणि शिकेकाईच्या वासाचे. एक बट मुठीत, अंगठा तोंडात, की डोळे जड व्हायला लागायचे. मग त्याची बोटं एकेक करून सोडवायची आणि बापाला मोकळं करायचं, हे माझं काम.

पुन्याच्या बाबांचं नाव नवल. जीवरामभाऊंच्या लोकनाट्य पार्टीत ते राणीचं काम करत. आमच्या खान्देशात अशा पार्ट्या पुष्कळ होत्या. बायकांची कामं पुरुषच करायचे, आणि दिवाळीपासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, यात्रा-जत्रांतून फिरायचे. दुसऱ्या पार्ट्यांतले राणी-दासी डोक्याला खोट्या केसांचं गंगावन बांधत. जीवरामभाऊंना ते चालत नसे. ते म्हणत, "गंगावन पाठवर पडस. केस खाले उतरतस. लोकस्ले फरक समजस." त्यांनी मिसरूड फुटायच्या आधीच नवलच्या केसांना कात्री लावणं बंद केलं होतं.

वगाच्या शेवटी राजाच्या दरबारात राणीवर आळ येतो. ती काहीच बोलत नाही. जीवरामभाऊंची ढोलकी आधी सावकाश, मग अंगावर येत येत एकदम थांबायची. त्या थांबलेल्या क्षणात राणीचा हात मानेकडे जायचा, अंबाड्याचा आकडा निघायचा आणि थाप पडायला आणि केस कमरेपर्यंत उतरायला एकच गाठ. मागे बैलगाड्यांवर बसलेल्या बायका पदर डोळ्याला लावायच्या. मी लग्नाआधी हे पाहिलं ते सोनगीरला मावशीकडे गेले होते तेव्हा. पुढं त्यांचं स्थळ आलं, तेव्हा आमच्या घरात दोन दिवस एकच प्रश्न फिरत होता. नाच्याला पोरगी द्यायची? शेवटी माझा भाऊ छगन हसत म्हणाला, "देई टाका. ताईले दोन नणंदा भेटतीन. एक वच्छलाबाई आन् दुसरा नवरा." वच्छलाबाई म्हणजे यांची थोरली बहीण. घर हसलं, आणि हसल्यावर नाही म्हणणं अवघड झालं.

आम्ही धुळ्याला देवपुरात एका खोलीत राहायला आलो, कारण पार्टीचं ऑफिस धुळ्यात होतं. ऑफिस म्हणजे स्टँडमागच्या चहाच्या दुकानावरची माडी. वर पेट्या, पडदे, ढोलक्या, आणि गाद्यांवर झोपलेले सोंगाडे. पौष लागला की गावोगावची पंचमंडळी एस्टीतून उतरून तो जिना चढायची आणि सुपारी देऊन जायची. मी लग्न होऊन आले त्या साली तर जिन्यावर रांग होती.

मग शहर बदलायला लागलं. आधी गच्च्यांवर अँटेना आल्या. रविवारी सकाळी आख्खी गल्ली ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओसरीवर बसायची, मीही पुन्याला मांडीवर घेऊन बसले आहे, खोटं कशाला बोलू. आग्रा रोडवर जुनी दुकानं पाडून काचेची दुकानं झाली. आणि माडीच्या मालकानं जीवरामभाऊंना पेट्या हलवायला सांगून तिथं काळा पडदा लावला, खाली पाटी रंगवली, ‘व्हिडिओ’. त्याच्याकडे रंगीत टीव्ही आणि पिक्चर लावायचं मशीन भाड्यानं मिळायला लागलं. गावच्या जत्रेला एका रात्रीत तीन पिक्चर. जेवण नको, राहुटी नको, राणीच्या साड्या वाळत घालायला दोरी नको.

जीवरामभाऊ तरीही सकाळी येऊन त्याच चहाच्या दुकानात बाकावर बसत. धोतर स्वच्छ, टोपी कडक. एस्टीतून उतरलेली ओळखीची मंडळी त्यांना रामराम करायची आणि विचारायची, "जीवरामभाऊ, तो रंगीत टीव्ही भाड्यानं कोठे भेटस?"

भाऊ बोट वर करायचे. "वर जा. दुसरी पायरी मोडेल शे, सांभाळीसन जा."

त्या वर्षी सुपाऱ्या आल्या त्या बोटांवर मोजाव्यात इतक्या, आणि त्यातल्या निम्म्या ‘पाहू, कळवू’ म्हणणाऱ्यांच्या. पुन्याचे बाबा घरी असायचे. सकाळी नदीवरून फिरून यायचे, केस धुवायचे, ओट्यावर वाळवत बसायचे. जोपर्यंत रात्री काम होतं तोपर्यंत दिवसाच्या त्या केसांकडे कुणी बघत नव्हतं. काम थांबल्यावर गल्लीला ते दिसायला लागले. समोरची सुनंदाबाई चांगली होती, पण तिचं तोंड सुटायचं. "कस्तुरा, तुमच्याकडे केस विंचरायला कोण आधी बसतं गं, तू का ते?" मी म्हणायचे, "ज्याचे लांब तो आधी." हे ऐकून ते आतून हसायचे. मग हसायचे बंद झाले.

मी तेव्हा साड्यांना फॉल लावायचं काम घेत होते. पुन्या झोपला की सुई, पुन्या उठला की सुई पदराच्या आत. आग्रा रोडवरच्या एका मोठ्या साडीच्या दुकानातून गठ्ठा यायचा, तो पोहोचवायला पुन्याचे बाबा जायचे. एकदा तिथं एक गिऱ्हाईक बाई एका साडीचा पदर कसा दिसेल म्हणून अडून बसली होती. दुकानातला नोकर ती स्वतःभोवती गुंडाळून दाखवत होता, पण ती त्याच्या अंगावर नुसती गुंडाळल्यासारखीच दिसत होती. यांना राहवलं नाही. पॅन्ट-शर्टावरच त्यांनी निऱ्या घातल्या, पदर सोडला, अर्धं वळून उभे राहिले. बाईनं ती साडी घेतली, आणि तिच्या जावेनंही तसलीच मागितली.

शेठनं त्यांना गादीवर बसवून चहा पाजला. "लगनसराई येते आहे. तुमच्यासारखा माणूस मला पाहिजे. कायमचा." मग मानेवरच्या अंबाड्याकडे बघून म्हणाला, "तेवढं हे कापून या. माझ्याकडे घरच्या बायका येतात. पुरुष साडी नेसून दाखवतो ते चालतं, ते दुकान आहे. पण हे केस असले की मग दुकान राहत नाही, तमाशा होतो."

घरी येऊन त्यांनी मला हे जसंच्या तसं सांगितलं आणि पाणी मागितलं. डब्यात पीठ किती आहे ते मला माहीत होतं आणि ते केस विंचरताना त्यांची मान कशी सैल पडते तेही मलाच माहीत होतं. मी म्हटलं, "तुमचं तुम्ही ठरवा."

"तू सांग ना."

"मी सांगितलं तर जन्मभर माझ्यावर येईल."

बरेच दिवस असेच गेले. रोज जीवरामभाऊंच्या बाकावर जाऊन बसायचे. भाऊंना त्यांनी विचारलंही नसावं. ते मात्र एक दिवस आपण होऊन म्हणाले म्हणे, "नवल, मन्ही ढोलकी मी पोतामा बांधी ठेयेल शे. तू मन्हाकडे देखू नको." झालं. त्या संध्याकाळी पुन्याला झोपवताना, केस त्याच्या मुठीत देऊन, छताकडे बघत ते मला म्हणाले, "याचं जावळ एकवीरेला काढायचंच आहे ना? माझेही तिथंच काढू. सलूनच्या खुर्चीत बसून मी हे कापणार नाही. त्या पोरांनी झाडून कचऱ्यात लोटायचे, तसं नको."

मंगळवार धरला. साक्रीकडून छगन आला, पाचोऱ्याहून वच्छलाबाई आल्या. जावळाला मामानं मांडीवर घ्यायचं आणि आत्यानं केस पदरात झेलायचे, भुईवर पडू द्यायचे नाहीत, ही आमची रीत. एकवीरेच्या देवळापाशी पांझरेच्या काठी लिंबाखाली न्हावी बसतात. त्यातल्या म्हाताऱ्या झिपरूबुवांपुढे आम्ही बसलो.

पुन्यानं वस्तरा बघितला आणि जो सूर लावला तो नदीपलीकडे गेला असेल. छगननं गूळ दिला, माकड झाला, कोंबडा झाला. काही नाही. शेवटी पुन्याचे बाबा शेजारी बसले, अंबाडा सोडला आणि एक बट त्याच्या हातात दिली. पोरगं चूप. हुंदके देत, केस मुठीत धरून तो बसून राहिला आणि झिपरूबुवांनी त्याचं डोकं भादरलं. मऊ जावळ वच्छलाबाईंच्या पदरात पडत राहिलं. मला आठवतं, मी त्याच्याकडे बघतच नव्हते. मी त्याच्या मुठीकडे बघत होते.

मग छगननं पुन्याला उचललं आणि हे त्या जागेवर बसले.

झिपरूबुवांनी पाण्याचा हात त्यांच्या केसांवर ठेवला आणि थबकले. पुढून येऊन तोंडाकडे बघितलं. "तू राणी ना रे?"

"व्हतू."

"व्हतू कसाले? शे ना." म्हाताऱ्यानं वस्तरा मिटला. "मी नही कापस."

"बाबा, मी गडीमाणूस आहे. तुम्ही रोज गडीमाणसांचेच केस कापता."

"ते माले काय सांगस! साक्रीना बाजारमा दोनदाव रडेल शे मी तुन्हापायी. घरनी बाई मरनी तव्हळ इतला रडना नही." आजूबाजूचे न्हावी हसले, पण झिपरूबुवा हसत नव्हते. "मन्हा हात नही उठस. दुसराले सांग."

दुसरा न्हावी म्हणाला, झिपरूबुवा नाही म्हणाले तिथं मी हात घालणार नाही. तिसऱ्यानं आपली पेटी उचलून गिऱ्हाईक शोधायला सुरुवात केली. छगन चिडला, "मारोतीले शेंदूर लाई राहिनात का तुम्ही? केस शेतस, केस!" कुणी हललं नाही. पुन्याचे बाबा तसेच बसून होते, ओल्या केसांनी, मान खाली घालून. इतकी थकलेली त्यांची पाठ मी कधी पाहिली नव्हती. सगळं ठरवून झाल्यावर माणसाला ते दुसऱ्यांदा ठरवायला लावू नये.

मी झिपरूबुवांना म्हटलं, "कात्री द्या."

ते म्हणाले, "घरनी बाई कापत व्हई तं काप. मंग मी सारखं करी देसू."

मी मागे बसले. रोजच्यासारखे केस विंचरले. तीन पेड घातले, वर घट्ट दोरी बांधली, खाली घट्ट दोरी बांधली. त्यांनी विचारलं, "आवळून घातलीस ना? सुटायला नको." मी म्हटलं, "नाही सुटणार." कात्री बोथट होती. मला वाटलं होतं एकदाच आवाज होईल, पण ती चघळल्यासारखी थोडी थोडी कापत गेली. वच्छलाबाई पुढं आल्या आणि त्यांनी पदर पसरला. त्यात आधीच भाच्याचं जावळ होतं. त्यावर भावाची वेणी पडली. वजन आलं तसा पदर खाली गेला.

मग छगन मला म्हणाला, हळूच, "ताई, एक नणंद कमी व्हयनी ना."

पहिल्यांदा हसले ते हेच. डोक्यावरून हात फिरवत, मान चाचपत हसले, आणि मग आम्ही हसलो.

वच्छलाबाईंनी जावळ नदीला सोडलं. वेणीकडे बोट करून त्यांनी भावाला विचारलं. "हीही सोड," ते म्हणाले. मी म्हटलं, "नको," आणि वेणी पिशवीत टाकली.

का टाकली, ते मला त्याच दुपारी कळलं. पुन्याला झोप आली. तो बापाजवळ सरकला, हात वर नेला, मानेवर चाचपला. काही नाही. दुसऱ्या बाजूनं चाचपला. मग उठून बसला आणि त्यांच्या तोंडाकडे बघून ओठ काढला. मी लगबगीनं पिशवीतून वेणी काढून त्याच्या हातात दिली. तेच केस, तोच वास. त्यानं ती धरली, नाकाला लावली, ओढून पाहिली. ती अख्खीच्या अख्खी त्याच्या हातात आली, तशी त्यानं ती फेकून दिली आणि रडायला लागला. मला वाटलं होतं, केस म्हणजे केस. त्याला त्या केसांच्या दुसऱ्या टोकाला बाप लागत होता.

दुकान सुरू झालं. सकाळी इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. त्यांना भांग पाडता यायचा नाही, मीच पाडून द्यायचे. दिवसभर गादीवर उभं राहून निऱ्या घालायच्या, पदर सोडायचा, वळायचं, सोडायचं, दुसरी. पहिल्याच आठवड्यात शेठ खूष झाला. बायका म्हणत, "त्या भाऊंनाच बोलवा." संध्याकाळी घरी आले की ते भिंतीला टेकून पाय पसरायचे. मी एकदा विचारलं, रात्रभर नाचूनही एवढे दमत नव्हता, आता काय होतं? ते म्हणाले, "तिथं राणी दमायची. इथं मीच दमतो." पुन्या तर झोपण्याचं नावच घेत नव्हता. रडून रडून, माझ्या खांद्यावर, कसातरी. आम्ही तिघंही तेव्हा डोळे लाल घेऊन फिरायचो.

आखाजीच्या थोडं आधी मी फॉल लावलेल्या साड्यांचा गठ्ठा द्यायला पुन्याला कडेवर घेऊन दुकानात गेले. आत बस्ता चालू होता. लग्नाचे कपडे घ्यायला दोन्हीकडची माणसं येऊन बसली होती, आणि मधे, टोपी मांडीवर ठेवून, जीवरामभाऊ. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. विहीणबाई खमक्या दिसत होत्या. पाच साड्या नाकारून झाल्या होत्या.

"अहो भाऊ," विहीणबाई यांना म्हणाल्या, "ती जांभळी जरा नेसून दाखवा. घडीत काय कळतंय?"

जीवरामभाऊंनी ओळख दाखवली नव्हती, यांनीही नाही. मी दाराशीच थांबले. पुन्याचे बाबा उठले. जांभळी साडी झटकली, निऱ्या बोटांत आल्या, पदर खांद्यावरून गेला. ते अर्धे वळले. आणि मला आवाज आला. जीवरामभाऊंची नजर खाली होती. शेजारी साडीचं रिकामं खोकं पडलं होतं आणि त्यावर त्यांची बोटं वाजत होती. त्यांना कळत नव्हतं की वाजताहेत. सावकाश, मग जरा चढत, मग अंगावर येत येत बोटं थांबली.

यांचा उजवा हात उठला. मानेमागे गेला. तिथं आकडा नव्हता, अंबाडा नव्हता, खुंट होते. हात तिथंच राहिला. जीवरामभाऊंनी वर बघितलं. त्यांची बोटं खोक्यापासून चार अंगुळं वर, उघडी. थाप पडायची राहिली होती. भाऊंनी हळूच मूठ मिटली आणि मांडीवर ठेवली.

"काय हो, मान लचकली का?" विहीणबाईंनी विचारलं.

"हो अक्का," ते म्हणाले. "दिवसभर उभं राहून धरते कधी कधी." आणि मान चोळली.

"हाईच बांधा," जीवरामभाऊ म्हणाले.

"अहो, पण मी अजून पदर बघितला नाही."

"मी देखेल शे पदर," भाऊ म्हणाले, आणि असं म्हणाले की विहीणबाईंनी पुढं काही काढलं नाही.

निघताना ते दाराशी आले. पुन्याच्या टकलावर त्यांनी हात ठेवला. यांच्याकडे न बघता म्हणाले, "बरं सोडस रे पदर."

"तुम्ही ठेका धरायला नको होता भाऊ."

"मी कोठे धरा?" भाऊ म्हणाले. "बोटे म्हातारा व्हई ग्यात. ऐकतस नहीत." आणि टोपी घालून पायऱ्या उतरले. उतरताना दुसऱ्या पायरीवर जरा जपून पाय ठेवला, सवयीनं. ती पायरी मोडकी नव्हती.

ती जांभळी साडी फॉल लावायला माझ्याकडेच आली. त्या संध्याकाळी मी दिव्याखाली ती घेऊन बसले होते. पुन्याचे बाबा कुशीवर पडले होते, आणि पुन्या त्यांच्या पाठीशी, नेहमीसारखा कुरकुरत. त्याचा हात त्यांच्या मानेवर फिरला, खुंटांवरून पुढं गेला, मागं आला, आणि चाचपता चाचपता त्याला कान सापडला. इतके दिवस केसांखाली झाकलेला तो कान. त्यानं तो मुठीत धरला. ओढून पाहिला. निघाला नाही. पुन्हा ओढला. दुसऱ्या टोकाला बाप होता.

"दुखतोय," ते कुजबुजले.

"मग सोडवू?"

"नको. हलू नकोस."

अंगठा पुन्याच्या तोंडात गेला. मी सुई तशीच धरून बसले. थोड्या वेळानं त्याचा श्वास लांब झाला, आणि मी बोटं सोडवायला उठले तर यांचाही झालेला होता. दोघांचेही डोळे मिटलेले, कान मुठीत लाल झालेला. मी परत खाली बसले. पदराकडचा थोडा फॉल राहिला होता, तो लावला.